सोवळ्यातलं पेट्रोल

वस्तू बिघडली की सगळं जग वस्तूला शिव्या देतं. बिघडलेल्या वस्तूची बाजू घेऊन जगालाच शिव्या देणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बहिणीच्या पदरी पडला. आमचे मेहुणे महाडला वकिली करत. अशिलांची बाजू त्यांनी कधी एवढ्या तळमळीने मांडली असती तर दारात गर्दी मावली नसती; पण सगळी तळमळ ते आपल्या मोटारीसाठी राखून ठेवत. बदली होऊन गेलेल्या कुणा साहेबाकडून त्यांनी ती घेतली, तेव्हाच तिचं पेन्शनीचं वय उलटलं होतं. सपाटीवर ती गुणी बाईसारखी चाले. महाडहून पोलादपूरपर्यंत तर तिच्यात खोट काढायला जागा नसे. पण पुढे आंबेनळीचा घाट लागला की दुसऱ्यातिसऱ्या वळणालाच तिचा दम उखडे. आधी खाकरे, मग शिंका देई, मग जागच्या जागी थरथरून बंद पडे आणि मागे घसरू लागे. त्या क्षणी खाली उडी टाकून मागच्या चाकाला दगड लावणं हे माझं काम. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि अक्काकडेच राहत असे, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. "शालकबुवा, दगड," एवढंच मेहुणे म्हणत, तेही संध्येला पळी मागावी इतक्या शांतपणे.

त्यांचं सोवळं गावात प्रसिद्ध होतं. मोटारीत बसायचं तर चपला काढून बसायचं. पण खरा सोहळा पेट्रोलचा. तेव्हा पेट्रोल बंदरावरून पत्र्याच्या डब्यांतून येई, त्यात गंज असे, पाणीही असे. म्हणून मोटारवाले नरसाळ्यात मऊ कातडं पसरून ते गाळत; त्यातून पाणी खाली उतरत नाही. असं एक कातडं मोटारीबरोबर मेहुण्यांनाही मिळालं होतं. ते त्यांनी चिमट्याने उचलून हत्यारांच्या पेटीच्या तळाशी टाकलं आणि वर डोक्यावरून आंघोळ केली. गाळण्यासाठी त्यांनी देवपूजेचा जुना डाळिंबी मुकटा काढला. वर्षानुवर्षं नेसून विरलेला, अक्काने जागोजाग रफू केलेला तो रेशमी मुकटा चौपदरी करून ते नरसाळ्यावर धरत आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत. "माझ्या गाडीच्या पोटात अपवित्र थेंब जायचा नाही," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

मग गाडीचा दम जातो कशाने? दर रविवारी त्यांना नवा आरोपी सापडे. एकदा प्लग दोषी ठरले, ते चुलीच्या राखेने घासून झाले. मग तारा बदलल्या. मग पोलादपूरची हवाच जड ठरली. शेवटी वजनावर संशय गेला. आधी अक्काचा फराळाचा डबा उतरवला, मग माझी छत्री, आणि अखेर मला भुसाराच्या दुकानी तागडीत बसवून भर बाजारात तोललं. माझे विद्यार्थी समोर उभे राहून बघत होते, हे मी अजून विसरलेलो नाही. चीड आणणारी गोष्ट अशी, की प्रत्येक उपाय लागू पडल्यासारखा वाटे. घाटात बंद पडलेली गाडी घटकाभर उभी केली की शहाण्यासारखी चालू होई आणि उतारावरून झुळझुळत घरी येई. "पाहिलंत? सुधारली," मेहुणे म्हणत. घाटाच्या पायथ्याशी एका शेतकऱ्याचं खोपट होतं. आम्ही दिसलो की गाडी ओढायला तो बैल सोडायलाच लागे. "वकीलसाब, ती काय वर जायाची नाय," तो म्हणे. "रेडा बी इतका खाकरत नाय. पोटात कायतरी हाय तिच्या."

"पोटात काही नाही," मेहुणे म्हणत. "पोटात जातं ते सोवळ्यातून जातं."

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण घाटाच्या पलीकडे वाईला आमची आई होती. मोटार घेतली तेव्हा मेहुण्यांनी तिला शब्द दिला होता, की तुमच्या लेकीला स्वतःच्या मोटारीतून तुमच्या दारात आणीन. तेव्हापासून अक्का माहेरी गेली नव्हती. सुट्टीत मी उतारूंच्या सर्व्हिस मोटारीने जाऊन येई, तेव्हा आई ओट्यावरून माझ्या पाठीमागे बघे, आणखी कुणी उतरतंय का म्हणून. मी अक्कावर चिडे. "तूही चल की सर्व्हिसने. त्यांच्या शब्दापायी आईला किती वाट बघायला लावणार?" अक्का म्हणे, "शब्द त्यांनी दिलाय, तो मी कसा मोडू?" या दोघांपैकी अधिक हट्टी कोण, हे मला कधी ठरवता आलं नाही.

मग एके दिवशी वाईकडून आलेल्या कासाराने निरोप आणला. आईने अंथरूण धरलंय, पाणी तेवढं घेते. मेहुण्यांनी लगेच गाडी बाहेर काढली. मागून सर्व्हिस मोटार येणारच होती. आपली बंद पडली तर तिला हात करायचा, असं मी अक्काकडून कबूल करून घेतलं होतं.

नेहमीच्या वळणावर ती बंद पडली. मी दगड लावला. खालून सर्व्हिस मोटारीचा भोंगा ऐकू आला. मेहुणे रस्त्याच्या कडेला मान खाली घालून उभे राहिले आणि म्हणाले, "जा तुम्ही दोघं. माझ्यासाठी थांबू नका." एवढं पडलेलं तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं.

अक्का उतरली. पण रस्त्याकडे न जाता ती इंजिनापाशी गेली. "इकडून सगळं उघडून बघणं झालं," ती म्हणाली. "हे पितळेचं भांडं तेवढं राहिलं."

"ते कार्बोरेटर. त्यात काही नाही. सोवळ्यातलं आहे ते."

"सोवळ्यातलंच आहे तर बघायला काय हरकत?"

कोर्टात त्यांना असा प्रश्न कुणी विचारला नसावा. त्यांनी ते उघडलं. तळाशी पाण्याचे थेंब होते, आणि पेट्रोल जायच्या सुईएवढ्या भोकाशी कसलासा बोळा. अक्काने अंबाड्यातला आकडा काढून तो ओढला आणि तळहातावर घेतला. डाळिंबी रेशमाचे धागे. तिनेच रफू केलेल्या मुकट्याचे. तिला वेगळं सांगावं लागलं नाही. चढाला गाडीला पेट्रोल जास्त लागे, की हे धागे ओढले जाऊन भोकात बसत. गाडी थांबली की पुन्हा खाली पडत. एवढ्यात सर्व्हिस मोटार धूळ उडवत आली. मी हात वर केला, अक्काने तो धरून खाली घेतला. मोटार निघून गेली.

आता टाकीतलं सगळं पेट्रोल काढून पुन्हा गाळायला हवं होतं. मी पेटीच्या तळातून ते कातडं काढलं. मेहुण्यांचं मन राखावं म्हणून म्हणालो, "हरणासारख्या कुठल्याशा जनावराचं असतं म्हणे. म्हणजे मृगाजिनच."

"मेंढीचं आहे," मेहुणे म्हणाले. "मी विचारून ठेवलंय."

"मग राहू द्या, मी गाळतो."

"गाडी माझी आहे," असं म्हणून त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, नरसाळ्यात पसरलं आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं. त्या दिवशी गाडी न खाकरता घाट चढली.

वाईला मोटारीचा आवाज ऐकून आईने स्वतःला खुर्चीत बसवून दारात आणायला लावलं. अक्का तिच्या गळ्यात पडली. मेहुणे अंगणातच उभे. "जावईबापू, आत या ना," आई म्हणाली.

"आंघोळ व्हायचीय. हाताला कातडं लागलंय."

"माझ्याही अंगावर आता तेवढंच उरलंय," आई म्हणाली. "या."

ते तसेच, पारोसे, आत गेले आणि तिच्या पायांशी बसले. आई त्यानंतर फार दिवस राहिली नाही. पण राहिली तेवढे दिवस अक्का तिच्या उशाशी होती.

त्या माणसाने मला जेवढा वैताग दिला तेवढा कुणी दिला नाही, आणि आज मला त्याची फार आठवण येते. मेहुणे गेले त्या वर्षी अक्का त्यांची सोवळ्याची पेटी आवरत होती. मुकट्याच्या घडीत ते कातडं निघालं, धुऊन, नीट दुमडून ठेवलेलं. मी ते बाजूला काढायला गेलो.

"राहू दे तिथेच," अक्का म्हणाली. "ते सोवळ्यातलं आहे."