रियाजचे दोन सेकंद

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. सुरुवातीला तुम्हाला हसू येईल. हसा. मलाही येतं. म्हणूनच तर इतकी वर्षं ते पोटात ठेवणं सोपं गेलं.

मी नोएडात एका कंपनीत नेटवर्क सपोर्टचं काम करतो. लोकांच्या घरचं इंटरनेट अडलं की फोन माझ्याकडे येतो. काय विचारायचं याचा एक छापील कागद आम्हाला दिलेला आहे. पण माझा पहिला प्रश्न त्या कागदावरचा नसतो. मी विचारतो, घरात कोणी गेम खेळतं का? दहापैकी सात वेळा दुखणं तिथेच सापडतं. साहेबांना वाटतं, हा माणूस अनुभवी आहे. अनुभवी तर आहेच — तो अनुभव कुठून आला, हे साहेबांना माहीत नाही.

दहा-अकरा वर्षांपूर्वी मी दिल्लीत मुनिरकात राहत होतो. चिखलीहून आलो होतो, घरच्यांच्या हिशेबाने कलेक्टर व्हायला. चौधरीजींच्या घरात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या आणि मधे एक अंधारा बोळ. एका खोलीत मी, दुसऱ्या खोलीत रियाज शेख. रियाज लातूरकडचा, औशाचा. इतका अदबशीर माणूस मी पाहिलेला नाही. चौधरीजी भाडं घ्यायला आले की ते खुर्चीत टेकेपर्यंत हा उभा राहायचा, आणि चौधरीजींना तर उभ्यानेच बोलायची सवय. दोघं अर्धा-अर्धा तास समोरासमोर उभे असायचे.

बोळात दारावर राउटर होता. त्याचा पासवर्ड फक्त माझ्याकडे, कारण मी इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर. हे नीट लक्षात ठेवा. त्या घरात इंटरनेटबद्दल मी जे सांगेन ते खरं, असा नियमच होता.

आता एका डब्याबद्दल. माझ्याकडे गेमिंग कन्सोल होता. त्यावर मी ऑनलाइन फुटबॉल खेळायचो. परीक्षेआधी मुनिरकात सगळेच काहीतरी सोडतात — कोणी स्मार्टफोन देऊन बटणांचा घेतो, कोणी डोक्याचा गोटा करतो. तिसऱ्या वर्षी मी जाहीर केलं की कन्सोल करोल बागेत विकून टाकतोय. खोटं नव्हतं ते, तेव्हा तरी. मी तो खरंच पिशवीत घालून करोल बागेपर्यंत नेला. दुकानदाराने तो उलटा-पालटा करून पाहिला, आणि मला काय झालं कोणास ठाऊक, मी त्याच्या हातातून काढून घेतला आणि मेट्रोत बसलो. घरी आल्यावर रियाजने विचारलं, विकला का? मी मान हलवली. तो इतका भारावला की त्या संध्याकाळी त्याने चहा सोडला. माझ्या त्यागाला जोड म्हणून. औशाचा माणूस, दिवसाला सहा कप पिणारा. मी काय करायला हवं होतं? — तुम्हाला माहीत आहे. मी त्याच्या वाटचाही चहा प्यायलो.

तेव्हापासून कन्सोल कपाटात राहायला गेला. दाराच्या फटीतून वायर बाहेर यायची. कानाला हेडफोन असायचा.

त्या वर्षी रियाज पूर्वपरीक्षा पास झाला, मग मुख्य परीक्षाही. मी पूर्वपरीक्षेतच राहिलो, तिसऱ्यांदा. मला हेवा वाटला का? वाटला. मी त्याला मिठी मारली, पेढे आणले, खाली उतरून सगळ्यांना सांगितलं — आणि वाटला.

अभ्यासाचं काही उरलं नव्हतं, म्हणून मी राउटरचा अभ्यास केला. कन्सोल एक तक्रार सतत दाखवायचा — नॅट टाइप स्ट्रिक्ट. म्हणजे बाहेरचे खेळाडू तुमच्यापर्यंत नीट पोचू शकत नाहीत. तीन दिवस मी सेटिंगच्या पानांत बुडालो होतो. कन्सोलला एक कायमचा पत्ता दिला, पोर्ट उघडले, राउटर बंद केला, चालू केला. तिसऱ्या दिवशी पडद्यावर आलं — ओपन. दिल्लीत तीन वर्षांत मला लागलेला तो पहिला चांगला निकाल होता.

तरीही चेंडू अडखळायचा. मी गोल मारायचो, आणि तो पोचेपर्यंत समोरच्याचा गोलकीपर वाट पाहत उभा. लाइनच बारकी होती. मग एका पानावर मला प्राधान्याची यादी सापडली. आधी कोणाला वाट द्यायची, हे राउटरला सांगता येतं. दिल्लीत मंत्र्याची गाडी यायची असली की बाकीचा रस्ता अडवून ठेवतात, तसंच. मी कन्सोल सगळ्यात वर ठेवला. आणि रियाजचा लॅपटॉप सगळ्यात खाली.

खाली का? मधे ठेवता आला असता. यादीत दोनच तर वस्तू आहेत, असं मी स्वतःला समजावलं होतं. फोन धरून पाच होत्या.

कोणी यादी पाहिलीच तर पंचाईत नको, म्हणून कन्सोलचं नाव बदलून मी 'प्रिंटर' ठेवलं.

रियाजच्या मॉक मुलाखती सुरू झाल्या त्या याच सुमारास. पुण्याची एक संस्था दिल्लीतल्या मराठी मुलांसाठी व्हिडिओवर घ्यायची — पॅनेलवर तीन निवृत्त अधिकारी, संध्याकाळी पाच वाजता. आणि मी रोज पाचलाच खेळायचो. योगायोग नव्हता तो. पाचला रियाज दार लावून बसायचा, म्हणजे माझ्या खोलीत डोकावायची भीती नाही. माझ्यासाठी सगळ्यात सुरक्षित तास कोणता, तर त्याच्या मुलाखतीचा.

काय व्हायचं, ते सांगतो. पॅनेल प्रश्न विचारायचं. रियाज लगेच उत्तर द्यायचा. पण ते पुण्यात दोन सेकंद उशिरा पोचायचं. तिकडे दिसायचं की मुलगा नुसता बघतोय. मग ते प्रश्न सोपा करून पुन्हा विचारू लागायचे आणि नेमकं तेव्हाच याचं उत्तर जाऊन आदळायचं. पहिला शेरा आला — उत्तरापूर्वी अडखळतो. ज्येष्ठांना मधेच तोडतो. चौधरीजींसमोर अर्धा तास उभा राहणारा रियाज तो कागद हातात घेऊन बोळात बसला होता.

त्याला नेटची शंका आली नाही असं नाही. आली, पण अदबीने. त्याने मला विचारलं, मी लाइनवाल्यांना दोष दिला. रावतजी नावाचे लाइनमन आले, खांबावर चढले, उतरले, आणि लॅपटॉपवर राउटरचं पान उघडायला लावून बराच वेळ पाहत राहिले.

"सर, लाइन तो बिल्कुल ठीक है," ते म्हणाले. "दिक्कत अंदर की है. ये प्रिंटर बहुत चल रहा है. इतना क्या छापते हो?"

"नोट्स," मी म्हणालो.

मुनिरकात नोट्सवर कोणी शंका घेत नाही. रावतजींनी मान डोलावली आणि निघून गेले. रियाज शेजारीच उभा होता. प्रिंटर वरच्या मजल्यावरच्या पोरांचा आहे, असं मी त्याला सांगितलं. त्यावर तो काय करायला लागला असेल? — प्रिंटआउट काढायला तो पहिल्यासारखाच बेरसरायच्या झेरॉक्सवाल्याकडे चालत जायचा. दुसऱ्याच्या प्रिंटरची शाई कशाला, म्हणून विचारायलाही वर गेला नाही.

आणि त्याने स्वतःला सुधारायला घेतलं. ज्येष्ठांना तोडायचं नाही, म्हणून प्रश्न संपला की मनात मोजायचं — एक, दोन — आणि मग बोलायचं. आरशासमोर मोजायचा, भाजी चिरताना मोजायचा. जेवलास का विचारलं तरी — एक, दोन — हो. पुढच्या मॉकला त्याचे दोन आणि माझे दोन मिळून चार सेकंद झाले. शेरा आला की अडखळणं वाढलं आहे.

आता खरं सांगायचं ते. इतका वेळ मी राउटरच्या आडूनच बोलतोय.

शेवटच्या मॉकचा दिवस. पाचला दहा मिनिटं होती. कन्सोल लावलेला, कपाटाचं दार उघडं, हेडफोन गळ्यात — आणि दारावर टकटक. मी कपाट लोटलं, त्याच्यासमोर उभा राहिलो. रियाज आत आला. इस्त्रीचा शर्ट, टाय, खाली पायजमा.

"यार संदीप, एक खरं सांग," तो म्हणाला. "तू रोज माझ्याशी बोलतोस. मी बोलताना अडखळतो का?"

यात कोडं काय होतं? काहीच नाही. मला कारण माहीत होतं. तो अख्ख्या मुनिरकात सगळ्यात सरळ बोलणारा माणूस होता. नाही, असं मी म्हटलं असतं तर त्याने विचारलं असतं, मग नेटच असेल, जरा बघतोस का? मग यादी उघडावी लागली असती. त्या संध्याकाळी मी एक सामना जिंकला तर पहिल्या डिव्हिजनमध्ये जाणार होतो. वाटलं, तीन वर्षांत एक तरी गोष्ट पास होऊ दे. आणि त्याच्याही खाली, अगदी तळाशी, वाटलं — तो मुलाखतीला जाणार, मी नाही. त्याच्यातही काही कमी असेल तर बरं.

मी म्हणालो, "थोडंसं. प्रॅक्टिस कर, जाईल."

त्याने मान डोलावली, थँक्स म्हणाला आणि जाऊन दार लावलं. मी सामना जिंकलो. दोन गोलांनी.

खऱ्या मुलाखतीला तर राउटर नव्हता. समोरासमोर बसायचं होतं. मी त्याच्याबरोबर गेलो, बाहेर थांबलो. बाहेर आला तेव्हा तो हसत होता. म्हणाला, "पहिलाच प्रश्न नाव काय, आणि मी एक-दोन मोजून नाव सांगितलं. काय करू, सवयच लागली यार." मीही हसलो. निकालाची यादी लागली तेव्हा त्याचं नाव नव्हतं. गुणपत्रिका आली, तर लेखीचे गुण छान होते आणि मुलाखतीचे खाली गेलेले. दुसरीही कारणं असू शकतात, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगून पाहिलं आहे. ते इथे सांगणार नाही.

वडिलांची तब्येत बिघडली म्हणून तो परत गेला, पुन्हा परीक्षेला बसला नाही. आता औशात शाळेत शिकवतो. जायच्या दिवशी त्याने मला त्याचा टेबल-फॅन दिला. तू माझ्यासाठी नेटच्या मागे किती फिरलास, म्हणाला.

दीड वर्षाने त्याच्या लग्नाला गेलो. मी तिसऱ्या रांगेत होतो. काझीसाहेबांनी विचारलं, कबूल है? — आणि रियाज गप्प. मुलीचे मामू ताडकन उठून उभे राहिले. कोणीतरी पंखा बंद केला, का ते माहीत नाही. तेवढ्या माणसांत मी एकटाच न घाबरता मोजत होतो — एक, दोन — आणि तो म्हणाला, "कबूल है." तीन वेळा विचारलं आणि तिन्ही वेळा मामू अर्धे उठले. नंतर सगळे पोट धरून हसले. नवरा विचार करून बोलणारा आहे, असं ठरलं. मी बिर्याणी दोनदा घेतली. पाहुण्यांना चहा फिरला तेव्हा रियाजने हात जोडून नको म्हटलं आणि सासऱ्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, याच्यामुळे सोडला.

तिथे सांगता आलं असतं. त्यानंतरच्या कोणत्याही रविवारी सांगता आलं असतं, कारण दर रविवारी तो फोन करतो. मी काही विचारतो, पलीकडे शांतता असते, मग उत्तर येतं. लाइन आता दोन्हीकडची उत्तम आहे. हे मी खात्रीने सांगू शकतो, माझं कामच ते आहे.

गेल्या रविवारी त्याने त्याच्या मुलीचं सांगितलं. पहिलीत गेली आहे. बाईंनी बोलावून घेतलं होतं — मुलगी हुशार आहे, सगळं येतं तिला, पण काही विचारलं की आधी नुसती बघत राहते. वर्गातली मुलं हसतात. घरी त्याने तिला विचारलं, तर म्हणाली, अब्बू, मी मोजते ना, तुमच्यासारखी.

सांगताना तो हसत होता. मग हसायचा थांबला.

"माझ्यावर गेली आहे ना रे?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, "थोडीशी."