चष्म्याचा ळ

बाई,

या पत्राला उत्तर पाठवायच्या भानगडीत पडू नकोस. तुझं अक्षर एवढं टपोरं की चार ओळींत कागद संपतो आणि हाती काही लागत नाही.

काल तुझ्या भाच्याचा फोन आला. "मावशी, खोली भाड्याने द्यायचीय. किल्ली तुमच्याकडे आहे ना? तो भिंतीवरचा फळा तेवढा उचकटून टाका, रंगारी यायचाय." मी म्हटलं, "बघते." बघते म्हणजे नाही, हे त्याला कळत नाही. फळा ठेवायचा की काढायचा हे तू सांगणार, तो नाही. पण तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू म्हणशील, "जाऊ दे, काढ." म्हणून आधी माझं ऐकून घे. पत्रात तुला मधे तोंड घालता येत नाही, हा मोठाच फायदा.

कॉलेजात तू वर्गात पहिली यायचीस आणि मी तुझ्या वह्यांवर पास व्हायचे. सगळ्यांना वाटलं, ही आता प्राध्यापक होणार. तू गेलीस बालवर्गावर. तुझे वडील घरभर येरझारा घालत होते. "एवढं शिकून पोरांची नाकं पुसणार?" तू म्हणालीस, "नाक चोंदलं असेल तर अनुस्वार कसा येईल, बाबा?" ते हसले नाहीत. मी हसले, म्हणून मलाही बोलणी बसली.

मग आपल्या वर्गातला तो उंच मुलगा. चांगला होता ग! तुझ्यासाठी शाळेच्या फाटकाशी ताटकळत उभा राहायचा, आणि तू बाहेर येऊन त्याला पहिलं काय विचारायचीस? "डबा खाल्लास का?" त्याने एकदा समजूत घातली, "आपल्यालाही मुलं होतील, त्यांना शिकव की." तर तू म्हणालीस, "ती लगेच मोठी होतील. मला दर वर्षी नवी लागतात." आता यावर कोणता पुरुष थांबेल? नाही थांबला.

तुझा वर्ग मी पाहिलाय. इतरांच्या वर्गात खुर्ची असायची, तू चौरंगाएवढ्या बुटक्या स्टुलावर बसायचीस. म्हणायचीस, "त्यांच्या डोळ्यांना डोळे भिडले पाहिजेत. मान वर करून कोणी शिकत नाही." गुडघे गेले ते त्या स्टुलापायी. आणि फळा भिंतीवर इतका खाली की तपासणीला आलेल्या साहेबांना वाटलं, खिळा निसटून तो घसरलाय. त्यांनी शिपायाला हाक मारली होती.

तुझी सगळ्यात लाडकी गोष्ट ळ ची. "ळ फार शहाणा आहे. तो कधी पुढे उभा राहत नाही. सगळ्यांना पुढे जाऊ देतो आणि मागे थांबतो. पण तो नसेल तर शाळा होईल का? फळा? खेळ? बाळ?" मुलं ओरडायची, "नाही!" मी खिडकीशी उभी राहून मनात म्हणायचे, ही स्वतःचंच सांगतेय आणि हिला पत्ता नाही.

तुझ्या धंद्यातली खोट मला तेव्हाच दिसली होती. पाच वर्षांच्या आतलं कोणाला आठवतं? कॉलेजच्या मास्तरांना भर रस्त्यात लोक वाकून नमस्कार करतात. तू ज्यांना बोलायला शिकवलंस, त्यांना वाटतं ते बोलतच जन्माला आले. त्या दातांच्या डॉक्टरकडे आपण गेलो होतो, आठवतं? तू त्याच्या खुर्चीत आ वासून बसलेली आणि बाहेर येऊन मला म्हणालीस, "अगं, हा माझा! पेन्सिल चावायचा." मी म्हटलं, "मग सांगितलं का नाहीस?" तू म्हणालीस, "तोंडात त्याचा हात होता." बाहेर आल्यावरही सांगितलं नाहीस. वळून वळून त्याच्या पाटीकडे बघत राहिलीस. त्या दिवशी मला कळलं, तुला काय हवं होतं ते. सत्कार नको, शाल नको. कोणीतरी एकाने ओळखावं, बस.

निवृत्त झालीस आणि शाळेने तो बुटका फळा अडगळीत टाकला. तू तो हमालाच्या डोक्यावर देऊन घरी आणलास आणि पलंगासमोर ठोकलास. खडू आणलेस. स्टूल मांडलंस. आणि दार उघडं ठेवून बसलीस. कोणी आलं नाही. येणार कसं? मुलं सकाळी गाडीत कोंबली जातात ती दिवेलागणीला परत येतात. मी संध्याकाळी डोकावले की तू मलाच म्हणायचीस, "हात धुतलेस? बस." किराणावाल्याला तू "शाब्बास, बरोब्बर मोजलंस" म्हणालीस तेव्हा तो माझ्याकडे बघून डोकं खाजवायला लागला. मी त्याला म्हटलं, "भल्या माणसा, कोणी शाब्बास म्हणतंय तर घे की!"

फळा तर पांढरा फटक पडला होता. खडू उमटायचा नाही. आपलं ठरलं, रंगाच्या दुकानात जायचं, काळ्या रंगाचा डबा आणायचा. तू म्हणालीस, "आधी मूल येऊ दे."

आणि आलं. वरच्या मजल्यावरची चिमुरडी. तिची आई दारातूनच म्हणाली, "काकू, हिला ळ येत नाही. बाल, फला, शाला! सगळे हसतात हो. तुम्ही बघाल का जरा?" तुझा चेहरा मी पाहिला. लग्नात नवरीचा नसतो असा.

तू तिला आरसा दिलास. "जीभ मागे दुमड. टाळूला टेकव. आता सोड." पोरीची थुंकीच जास्त. किती दिवस नुसतं ल आणि थुंकी. आणि एके दुपारी ळ आला तो असा आला की थांबेना. पोर खोलीभर नाचत सुटली. "ळाल! ळाडू! ळिंबू!" तुझा जन्मभराचा शहाणा ळ तिने सगळ्यांच्या पुढे नेऊन उभा केला. मी वाट बघत होते, तू आता सुधारशील. तू तोंडाला पदर लावून हसत होतीस, डोळ्यांतून पाणी काढत.

मग तिने खडू घेतला आणि त्या पांढऱ्या फळ्यावर दाबून दाबून ळ काढला. दोन वाटोळी कडी, शेजारी शेजारी. त्याखाली नाक काढलं, तोंड काढलं, भोवती गोल काढला. "हा बाईंचा चष्मा. या बाई."

पुढच्याच महिन्यात तिच्या वडिलांची बदली झाली. सामान उतरत होतं तेव्हा ती जिन्यात आईच्या खांद्यावर झोपलेली होती. तू तिला उठवू दिलं नाहीस. तिलाही आठवणार नाहीये, बाई. हे मी तुला सांगायला नको आणि तू मला सांगायला नको.

त्यानंतर मी किती वेळा म्हटलं, चल, रंग आणू. कधी तुझे गुडघे, कधी ऊन. एकदा तर दुकानाच्या समोर येऊन तू म्हणालीस, "बंद दिसतंय." दुकानदार आत बसून पेपर वाचत होता. मी तुझा हात धरून परत फिरले. मग तू जिन्यात पडलीस, भाच्याने उचलून आपल्या घरी नेलं, डॉक्टरांनी जिना कायमचा बंद केला.

आज सकाळी किल्ली घेऊन गेले, खिडकी उघडली, झाडलं. फळ्याला कपडा लावला नाही. चष्मा जागेवर आहे, तोंड थोडं पुसट झालंय. परतताना रंगाच्या दुकानदाराने हटकलं. "आजी, तो काळ्या रंगाचा डबा काढून ठेवलाय केव्हाचा. नेताय ना?"

मी म्हटलं, "बाई येऊ देत. आम्ही दोघी मिळून नेणार आहोत."