राजा शिगवणचा खुलासा

त्या दिवशी कोर्टासमोरच्या टपरीवर मी अख्खा वडा एकदम तोंडात कोंबला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मी अर्धाच खाल्ला आणि उरलेल्या तोंडाने बोललो. "गोदूबाईच्या केसचा हुकूम टाईप करताना आमच्या राजाचा हात लटपटणार बघ. त्याची लेक मनस्वीसुद्धा पुण्यात मैत्रिणीबरोबरच संसार थाटून बसलीय!" टपरीवाला भिकाजी हसला नाही. तो माझ्या पाठीमागे बघत होता. तिथे गोदूबाईच्या विरुद्ध बाजूचे वकील बशी तोंडाला लावून बसले होते, आणि बशीतला चहा केव्हाच संपला होता.

राजा म्हणजे राजेंद्र शिगवण, कोर्टातला लघुलेखक. साहेब न्यायासनावरून बोलणार, हा वहीत शॉर्टहँडमध्ये उतरवणार आणि मग टाईप करणार. एकतीस वर्षं हेच. दुसऱ्यांची मतं लिहून लिहून त्याला स्वतःचं मत असण्याची सवयच राहिली नव्हती. निःपक्षपातीपणा त्याला लागला होता, एखाद्याला तंबाखू लागावी तसा. ओळखीच्या बागायतदाराकडून आंबा घ्यायचा नाही. न जाणो, त्याची कुठे बांधाची केस असायची. वकिलांच्या घरच्या लग्नाला जायचं, पण अक्षता टाकून उपाशी परत. वाडीच्या क्रिकेटला तो कायमचा अंपायर. पण पुतण्या सुजय गोलंदाजीला आला, की हा डोक्यावरची पांढरी टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायचा आणि सहाही चेंडू मैदानाकडे पाठ करून उभा राहायचा.

"राजा, अरे बघ तरी!" आम्ही ओरडायचो.

"बघितलं की मत होतं," तो म्हणायचा.

इथवर सगळं हसण्यासारखं होतं. चार वर्षांपूर्वी गणपतीत मनस्वी निशिगंधाला घेऊन घरी आली. आरती झाल्यावर तिने सांगितलं, की आम्ही नुसत्या मैत्रिणी नाही, एकमेकींच्या आहोत, कायमच्या. वहिनींनी आधी हातातलं तबक नीट खाली ठेवलं आणि मग रडायला सुरुवात केली. मायलेकी तासभर भांडल्या आणि शेवटी दोघींनी राजाकडे पाहिलं. राजा म्हणाला, "दोघींचंही म्हणणं मी ऐकलं." आणि अंगणात जाऊन स्कूटर पुसू लागला. स्कूटर स्वच्छच होती.

तिसऱ्या दिवशी एसटीच्या खिडकीतून मनस्वी म्हणाली, "बाबा, निकाल लागला की कळवा."

त्यानंतर तिचा फोन नाही. यानेही केला नाही. निकाल राखून ठेवलेला.

आणि मग गोदूबाईची केस आली. गोदूबाई आणि सखू आरे-वाऱ्याच्या वाटेवर बावीस वर्षं एका घरात राहिल्या, एका टोपलीतून मासळी विकली. घर सखूच्या नावावर. गेल्या साली सखू वारली आणि बुरोंडीहून तिचा भाऊ उगवला. ही बाई आमची कोण, घर खाली करून द्या म्हणून त्याने दावा लावला. गोदूबाईने सांगितलं, "देवीसमोर हार घातलेत आम्ही. मी तिच्या लग्नाची." असलं लग्न कायद्यात बसत नाही, हे दिल्लीच्या मोठ्या कोर्टाने सांगून झालं होतं. पण दाव्याचा निकाल लागेपर्यंत आपल्याला घराबाहेर काढू नये, एवढी मनाई तरी साहेब देतील, यावर तिचा जीव टांगलेला.

राजा साहेबांच्या दालनात गेला. "साहेब, या केसला मला नका बसवू."

"का हो?"

"घरगुती कारण आहे."

साहेब हसले. "शिगवण, बाजूला व्हायचं ते न्यायाधीशाने. तुम्ही फक्त लिहिता. शिवाय दुसऱ्या लघुलेखिका बाई बाळंतपणाच्या रजेवर. लिहिणार कोण, मी?"

म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा टोपी काढायची खरी गरज पडली, आणि ती ठेवायला दुसरं डोकंच नव्हतं. हे सगळं त्याने मला आरे-वाऱ्याच्या चढावावर स्कूटर लावून सांगितलं. एकट्या मला. आणि मी ते अर्ध्या वड्याबरोबर टपरीवर सांडलं.

टपरीवरच्या त्या वकिलांनी दुसऱ्याच दिवशी अर्ज टाकला: सदर लघुलेखक हे आपल्या मुलीच्या व तिच्यासारख्यांच्या बाजूचे असून, हुकूम त्यांच्या हातून जात असल्याने अशिलास न्यायाची खात्री वाटत नाही. भर कोर्टात वाचून दाखवला. राजा तेव्हा साहेबांच्या खालीच बसला होता. आपल्याविषयीची ती वाक्यं त्याने शॉर्टहँडमध्ये उतरवून घेतली. सवय.

साहेब सरळ माणूस. म्हणाले, "बोट माझ्याकडे नाही, पण माझ्या टेबलाकडे आहे. केस माझ्यासमोर नको." आणि फाईल वरिष्ठांकडे धाडून दिली. मनाईच्या अर्जावरचा हुकूम दोन पानं सांगून झाला होता. राजाच्या वहीतल्या त्या दोन पानांवर साहेबांनी तिरकी रेघ मारली. त्यांत काय होतं, ते राजाने आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही. मी विचारलं होतं. मी काय काय विचारतो!

नवीन कोर्ट मिळालं, तोवर मे महिन्याची सुट्टी लागली. तारीख जूनची. आणि मनाई नाही म्हटल्यावर, गोदूबाई बाजारात गेलेली असताना भावाने घराला कुलूप घातलं.

ती कोर्टाच्या व्हरांड्यात येऊन बसली, रिकामी टोपली मांडीवर घेऊन. राजा पुढून चालला होता. तिने हाक मारली. "सायेब, आता दुसऱ्या सायबाला पुन्ना पयल्यापासून सांगायचा?"

पक्षकाराशी एक शब्द बोलायचा नाही, हा त्याचा एकतीस वर्षांचा नेम. तो तिच्या शेजारी बाकावर बसला.

"हो. पहिल्यापासून."

"बावीस वर्सं?"

"बावीस वर्षं."

"मंग त्या सायबाला येळ असंल ना?"

राजा तिथेच बसून राहिला. गोदूबाई आता शेजारणीच्या पडवीत झोपते. सखूचा फोटो कुलपाच्या आत राहिला.

इकडे राजाकडून लेखी खुलासा मागवला गेला. मी आणि भिकाजीने बसून मसुदा केला: 'मी कोणाच्याही बाजूचा नसून एकतीस वर्षं निःपक्षपातीपणे सेवा केली आहे.' चांगला झाला होता. राजाने तो वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि टेबलाशी जाऊन स्वतःचा टाईप केला. एकच ओळ: 'अर्जातील मजकूर खरा व बरोबर आहे.' खाली सही. त्याचा फोटो काढून त्याने मनस्वीला पाठवला. दोन्ही खुणा निळ्या झाल्या. उत्तर आलं नाही.

वहिनी त्याच्याशी बोलत नाहीत. निवृत्तीला आठ महिने आहेत, आणि त्याला रेकॉर्ड रूममध्ये बसवलंय, जुन्या दाव्यांची गाठोडी बांधायला. मी गेलो तेव्हा मोबाईल टेबलावर पालथा होता. बोलता बोलता तो उलटून बघायचा आणि पुन्हा पालथा घालायचा. एवढं सांभाळलेलं नाव या माणसाने एका ओळीत घालवलं, तेही माझ्या अर्ध्या वड्यापायी.

"राजा, चुकलो रे," मी म्हटलं. "पण तू खुलाशात खोटं कशाला लिहिलंस? चार वर्षांत त्या पोरीच्या बाजूने एक शब्द तरी बोललास काय? तू कधी होतास तिच्या बाजूचा?"

राजाने गाठोड्याची गाठ आवळली.

"तेव्हा नव्हतो, आता आहे."