खरेदीदाराची खुर्ची

“तुम्ही दाराबाहेर थांबा. तुमच्या लोकांना सवय असते, अगदी खरं वाटतं.”

सर हसत हसत म्हणाले. वर्ग हसला. मी मुकाट्याने पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिले.

दादरला संध्याकाळचा कोर्स होता, खरेदी व्यवस्थापनाचा. मी माझगावच्या एका कारखान्यात परचेसला असिस्टंट. कोटेशनं मागवायची, भाव पाडायचे, माल वेळेवर आणायचा, सगळं मीच बघते. पण मॅनेजर व्हायचं तर हे सर्टिफिकेट पाहिजे, असं साहेबांनी तोंडावर सांगितलेलं. बीकॉम नोकरी करूनच केलं होतं. म्हटलं, हेही करू.

वर्गात वाटाघाटीचा सराव चालायचा. एकाने टेबलामागच्या खुर्चीत बसायचं, तो खरेदीदार. दुसरा सप्लायर. त्याने बाहेर ताटकळायचं, हाक मारली की आत येऊन उभ्या उभ्या गयावया करायची. पाळीपाळीने. शेवटची परीक्षा मात्र खुर्चीत बसूनच द्यायची.

माझी पाळी आलीच नाही. पहिल्या दिवशी सरांनी आडनाव विचारलं. मग, राहता कुठे. म्हटलं, वरळी, बीडीडी चाळ. “अच्छा,” म्हणाले. झालं. त्या दिवसापासून मी कायमची सप्लायर. कधी बोल्ट विकले, कधी रंग, कधी दोरखंड. कालपरवा कॉलेजातून सुटलेली पोरं खुर्चीत रेलून मला म्हणायची, भाव कमी करा हो बाई.

घरी आईला सांगितलं. भाकरी थापता थापता तिने एवढंच विचारलं, “मग परीक्षेला बसशील कुठे?”

डोक्यात तेच घोळत राहिलं. परीक्षेआधीच्या शेवटच्या सरावाला सरांनी परत दाराकडे बोट केलं. मी उठले. टेबलामागे गेले, खुर्ची ओढली आणि बसले.

“सर, आज तुम्ही बाहेर थांबा. मी बोलावते.”

कुणी हसलं नाही. सर लालबुंद. म्हणाले, असल्या वृत्तीने कुणी मॅनेजर होत नसतं. मी विचारलं, मग कुठली वृत्ती लागते ते तरी शिकवा.

परीक्षेत त्यांनी मला नापास केलं. वर्तन बरोबर नाही म्हणे. मॅनेजरची जागा दुसऱ्याला गेली. खूप रडले त्या दिवशी, रागाने.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेले तर आमच्या पॅसेजमध्येही सप्लायर उभेच. रोजच असतात, माझ्याच हाकेची वाट बघत. सगळ्यांना आत बोलावून बसवलं. साहेब चिडले, अशाने भाव कसा पाडणार? म्हटलं, बसलेल्या माणसाशी बोलून पाडेन.

आता लोक सांगतात, सरांची माफी माग, विषय मिटव. मी नाही मागणार. फी परत भरलीय. तोच कोर्स, तेच सर, तीच खोली. सोमवारी बॅच सुरू होतेय. मी सगळ्यांच्या आधी जाणार आणि त्या खुर्चीत बसणार. उठवायचं असेल तर सरांनी सगळ्यांसमोर कारण सांगावं.