खुर्च्या हलवते, माणसं नाही

सकाळचे साडेआठ वाजले असतील. कुवारबावच्या एका फ्लॅटमध्ये मी स्टुलावर उभी राहून पडदा अडकवत होते, तेव्हा माधवीच्या मुलाचा, समीरचा फोन आला. "मावशी, आई गेली... आत्ताच." मी स्टुलावरून उतरले की तिथंच बसले, ते आठवत नाही. त्याचं पुढचं बोलणं मात्र लख्ख आठवतं. "काल संध्याकाळी तिनं मला बजावून ठेवलं होतं. माझं काही झालं तरी कुंदाला सांग, अकरा वाजता गिऱ्हाईक यायचंय, ते घर अर्धवट टाकून येऊ नको." तो रडत रडत मला काम उरकायला सांगत होता आणि मी रडत रडत ते उरकलं. गाद्यांवर चादरी ताणल्या, आरसे पुसले, बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घातलं, जेवणाच्या टेबलावर तिनं आदल्या आठवड्यात निवडून ठेवलेली हिरवी काचेची वाटी ठेवली. दार ओढून घेतलं, किल्ली शेजारी दिली आणि रिक्षा पकडून तिच्याकडे गेले. पुढे ते घर त्याच गिऱ्हाईकानं घेतलं. आता तिथं दोन मुलांचं बिऱ्हाड नांदतंय.

तिच्या दिवसांना जमलेल्या बायकांत कुणीतरी मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालं, "मैत्रीण तिकडं गेली आणि ही बाई परक्याच्या घरात उशा मांडत बसली." होय, बसले. त्या उशा तिच्या होत्या, ते काम तिचं होतं आणि निरोपही तिचाच होता. दुसरी एक जण हळहळली, "बिचारी, आयुष्यभर लोकांच्या घरी पडदे लावत फिरली." तेव्हा गप्प राहिले, कारण घरात तिचा फोटो नुकता भिंतीला टेकवून ठेवला होता. आता दीड महिना झाला. आता गप्प राहायचं कारण नाही. माधवी बिचारी नव्हती. ती काय होती, ते मला सांगू द्या.

आमचा धंदा रत्नागिरीत आजही पुष्कळांना कळत नाही. घर विकायला काढलं की ते गिऱ्हाईकाला दाखवण्याआधी नीट मांडून द्यायचं, एवढंच आमचं काम. अडगळ काढायची, उजेड आत येऊ द्यायचा, रिकामं घर असेल तर आपलं सामान नेऊन ठेवायचं, म्हणजे बघणाऱ्याला तिथं आपण राहतोय असं वाटलं पाहिजे. मोठ्या शहरांत त्याला इंग्रजी नाव आहे म्हणे. माधवी 'मांडणी' म्हणायची. विचारणाऱ्याला सांगायची, "मुलगी दाखवायच्या आधी जसं घर आवरतात ना, तसं. फक्त इथं मुलीला काही कुणी प्रश्न विचारत नाही."

ती यात पडली ती स्वतःच्याच घरापायी. नवरा बोटीवर, वर्षातले नऊ महिने समुद्रात. मुंबईत आणि इथं मिळून तिनं एकटीनं सात बिऱ्हाडं हलवलेली, समीरला कडेवर घेऊन. पुढे नवरा आजारपणात गेला आणि तिनं मांडवीचा फ्लॅट विकायला काढला. चार महिने माणसं येऊन बघून जात, पुन्हा फोन नाही. मयेकर नावाचे एजंट होते, ते म्हणाले, "ताई, भाव उतरवा." तिनं भाव उतरवला नाही. हॉलची समुद्राकडची खिडकी वर्षानुवर्षं एका गोदरेजच्या कपाटाआड गेली होती. तिनं दोन हमाल बोलावून ते कपाट हलवलं, माझ्याकडून पांढरे सुती पडदे शिवून घेतले आणि खिडकीत एक वेताची खुर्ची टाकली. पुढच्या आठवड्यात घर विकलं गेलं. मयेकर खिडकीत उभं राहून म्हणाले, "आयला, हा समुद्र इतके दिवस कुठं होता?" आणि लगेच, "माझं नाचणे गावात एक घर अडकलंय, बघाल का?"

मी तेव्हा शिवणकाम करून पोट भरत होते. ती दारात आली आणि म्हणाली, "कुंदे, उद्यापासून तुझी मशीन माझी आणि माझी जीभ तुझी. येतेस काय गो?" मी गेले. मिरजोळ्याला एक छोटा गाळा घेतला, त्यात जुन्या बाजारातून आणलेल्या खुर्च्या, दिवे, चटया भरल्या. पहिली दोन वर्षं एजंट आम्हाला हसायचे. घर विकणारेही रागवायचे, कारण आपल्या घरातलं अर्धं सामान अडगळ आहे हे ऐकायला कुणाला आवडतं? एका वहिनींनी तर आम्हाला चहासुद्धा विचारला नाही. माधवीनं त्यांच्याच ओट्यावर चहा करून त्यांना नेऊन दिला. "तुम्ही इथं वीस वर्षं राबलात," ती म्हणाली, "या घराची चांगली बाजू तुमच्याइतकी कुणाला ठाऊक नाही. मला दाखवा." वहिनींनी दाखवली. मागच्या दाराच्या पायरीवर दुपारी वारा येतो, तिथं बसून त्या तांदूळ निवडायच्या. माधवीनं त्या पायरीवर एक चटई आणि सूप ठेवलं. बाकी काही केलं नाही.

ओलीच्या बाबतीत ती फार कडक होती. आपल्याकडच्या पावसात कुठल्या भिंतीला ओल येत नाही? एजंट म्हणायचे, कपाट लावा, कॅलेंडर लावा. ती कपाट बाजूला करून तिथं पेन्सिलीनं लिहायची, 'आषाढात इथं ओल येते'. एक एजंट भडकला तेव्हा म्हणाली, "घर घेणारा आषाढात कुठं जाणार आहे? इथंच असणार ना? मग तेव्हा तो मला शिव्या घालणार. मला त्या नकोत."

पण खरी लढाई झाली ती तात्यांच्या घरात. तात्या म्हणजे निवृत्त पोस्टमन. नाचण्याला जांभ्याच्या चिऱ्यांचं बैठं घर, स्वतः उभं राहून बांधलेलं. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेलेली, बोलणं जड. मुलगा डोंबिवलीला, तो घर विकून त्यांना घेऊन जाणार होता. तात्यांची खाट पुढच्या खोलीत खिडकीपाशी होती, कारण रस्त्यानं कोण गेलं ते त्यांना दिसायला हवं असायचं. चाळीस वर्षं त्याच रस्त्यानं पत्रं वाटलेली.

मयेकरांनी कोल्हापूरचं एक गिऱ्हाईक आणायचं ठरवलं. आदल्या दिवशी ते आम्हाला बाहेर अंगणात घेऊन गेले, बरोबर तात्यांचा मुलगा. मयेकर म्हणाले, "दार उघडलं की पहिल्यांदा खाट दिसते. औषधांचा वास. उद्या तेवढं म्हाताऱ्यांना मागच्या कोठीच्या खोलीत हलवा. तासाभराचा प्रश्न आहे." मुलगा खाली मान घालून म्हणाला, "चालेल."

माधवी म्हणाली, "मला नाही चालणार."

"ताई, हे तुमचंच काम आहे. नको ते नजरेआड करायचं."

"मी खुर्च्या हलवते, मयेकर. माणसं नाही. घर त्यांचं आहे. ते बघायला येणाऱ्याला ते दिसले तर बिघडलं कुठं?"

"मग सौदा बिघडला तर मी पुन्हा तुम्हाला काम देणार नाही."

"नका देऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती तिथं हजर. न्हाव्याला बोलावून तात्यांची दाढी करवली. खाटेवर निळी चादर घातली, औषधाच्या बाटल्या एका झाकणाच्या टोपलीत ठेवल्या, त्यांना इस्त्रीचा सदरा घातला, उशाशी रेडिओ, डाव्या हाताला येईल अशा बेतानं पाण्याचा तांब्या. खोली अशी प्रसन्न झाली की मी बघतच राहिले. कोल्हापूरचं जोडपं आलं. बाईंनी खाटेकडे पाहिलं, नाकाला पदर लावला. पाच मिनिटांत गाडी निघूनही गेली. मयेकर तात्यांच्या समोरच म्हणाले, "बघितलंत? झालं समाधान?"

ते गेल्यावर तात्यांनी माधवीला खूण करून जवळ बोलावलं. एक एक अक्षर ओढत म्हणाले, "बाय... माझ्यापायी... तुझं काम गेलं." त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ती त्यांच्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "गेलं तर गेलं. दाढी मात्र काय झकास झालीय!" आणि तात्या अर्ध्याच तोंडानं हसले.

मी हसले नाही. टेम्पोत सामान भरताना मी तिच्यावर चिडले, हे कबूल करायला हवं. "एका तासाचा तर प्रश्न होता गो! तुझ्या मिजाशीपायी माझ्या पोटावर पाय का?" तिनं हातातली चटई टेम्पोत ठेवली. मग म्हणाली, "मुंबईत मी खोल्या बघत फिरायचे, तेव्हा मालक विचारायचे, नवरा कुठाय? बोटीवर आहे म्हटलं की दार लावून घ्यायचे. एकटी बाई, कडेवर पोर... नको म्हणून नजरेआड केलेल्या माणसाला कसं वाटतं, ते मला ठाऊक आहे, कुंदा. तुला जायचं असेल तर जा. मी रागावणार नाही." मी गेले नाही, पण आठ दिवस तिच्याशी धड बोललेही नाही.

मयेकरांनी शब्द पाळला. इतर एजंटांनाही सांगितलं. आख्खा उन्हाळा आम्हाला एकही घर मिळालं नाही. गाळ्यात खुर्च्यांवर धूळ बसली. माधवी रोज गाळा उघडायची, धूळ पुसायची आणि दर गुरुवारी तात्यांकडे जाऊन चादर बदलून यायची. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बोलावलं नव्हतं. "मांडणी मोडायला नको," एवढंच म्हणायची.

गणपतीच्या आधी मयेकरांनी तिथं आणखी एक गिऱ्हाईक नेलं. सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर, बदली होऊन इथं आलेल्या. त्या दारात थांबल्या, खाटेकडे पाहिलं आणि सरळ तात्यांच्या उशाशी जाऊन बसल्या. विचारलं, "काका, इथं वारा येतो का हो? माझी आई अंथरुणाला खिळलीय, तिला खिडकीत ठेवायचं आहे." तात्यांनी चांगल्या हातानं पडदा बाजूला सारून दाखवला. घर त्यांनीच घेतलं. हे सगळं आम्हाला स्वतः मयेकरांनी फोनवर सांगितलं. माफी वगैरे मागितली नाही. नुसतं म्हणाले, "ताई, मिरजोळ्याच्या बाजूला एक बंगला आहे..." माधवीनं अट घातली. घर बघायला आधी ती जाणार, एजंटाशिवाय, आणि घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाशी बोलणार. अट मान्य झाली. त्या दिवशी फोन ठेवून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "चुकलं माझं." ती म्हणाली, "चहा टाक."

तात्या डोंबिवलीला गेले आणि वर्षभरात तिथंच वारले. त्या सिस्टरच्या आई अजून त्या खिडकीत आहेत.

मग माधवीला कॅन्सर निघाला. नातेवाईक जमले, सल्ले सुरू झाले. आतली खोली शांत आहे, तिला तिथं झोपवू, येणाऱ्याजाणाऱ्याला त्रास नको. ती उठून बसली. "मला आत नेऊन ठेवाल तर याद राखा! ज्यांना मी बघवत नाही त्यांनी येऊ नये." खाट हॉलमध्येच आली. केस गेले तेव्हा मी तिला स्कार्फ शिवून दिला, तो तिनं दोन दिवस बांधला आणि उकडतं म्हणून फेकला. तशीच टक्कल घेऊन ती माझ्याबरोबर घरं बघायला यायची. एका फ्लॅटमध्ये मालक तिच्याकडे टक लावून बघत राहिले. ती म्हणाली, "माझं काय बघताय, तुमचं छत बघा. तिथं पंखा का नाही?" शेवटच्या महिन्यात जिने चढवेनात, तेव्हा मी व्हिडीओ कॉलवर तिला खोल्या फिरवून दाखवायचे आणि ती खाटेवरून हुकूम सोडायची. "डावीकडं सरक. अजून... थांब. ते टेबल तिथून काढ, मेल्या खोलीचा जीव गुदमरतोय." दमून मोबाइल छातीवर ठेवायची, मग स्क्रीनवर मला नुसता तिच्या गाऊनचा अंधार दिसायचा आणि श्वास ऐकू यायचा. मी बंद करायचे नाही. थोड्या वेळानं त्या अंधारातून आवाज यायचा, "हां, बोल, पुढची खोली..."

ती गेल्यावर पंधरा दिवसांनी मयेकर माझ्याकडे आले. चांगल्या मनानं आले होते, खोटं कशाला बोलू. म्हणाले, "कुंदाताई, तुम्ही आता साठीला आलात. बोलायचं काम सगळं त्या करायच्या. सामान विकून टाका, मी गिऱ्हाईक आणतो." मी विचार करते म्हटलं. रात्रभर केला नाही, त्यांच्या पाठोपाठ जिना उतरतानाच केला, आणि फाटकात गाठून सांगितलं, "नाही विकायचं." ते म्हणाले, "जमेल तुम्हाला?" मी म्हटलं, "न जमायला काय झालं?" आवाज कापत होता माझा, पण निघाला.

आता रोज दहाला मी गाळा उघडते. आत गेलं की डाव्या हाताला तिचं एक लाकडी स्टूल आहे, त्यावर बसून ती फोन घ्यायची. धंद्याचा तो फोन समीरनं मला आणून दिला, नंबर तोच ठेवला. सुरुवातीला वाजला की मी नुसती बघत राहायचे. परवा वाजला तेव्हा मी त्या स्टुलावर बसले आणि उचलला. पलीकडून एक बाई बोलत होत्या, आवाज संकोचलेला. "माधवीताई का? आमचं घर विकायचंय. पण साधंच आहे हो, दाखवण्यासारखं काही नाही त्यात..."

मी म्हटलं, "माधवीताई वारल्या. मी कुंदा बोलतेय. आणि दाखवण्यासारखं काय आहे ते मला येऊन बघू दे. पत्ता सांगा."