तोंडाला बांधायचा कागद

चूक माझीच होती, आणि इथे परदेशात, बुकित बातोकला शेजारच्या फ्लॅटमध्ये ग्राइंडर सुरू होऊन तापल्या लोखंडाचा वास आला, की ती पुन्हा समोर उभी राहते. मी तेव्हा एका भंगाराच्या यार्डात सेफ्टी इंजिनिअर होतो. युद्धातून आलेल्या रणगाड्याच्या पत्र्यांत डिप्लीटेड युरेनियम या किरणोत्सर्गी धातूच्या गोळ्यांचे तुकडे रुतलेले निघाले. सकाळच्या मीटिंगमध्ये मी तुकडा आणि किरणं मोजणारा मीटर यांच्यामध्ये साधा कागद धरला. टिकटिक मंदावली. “बघा, किरणं कागदसुद्धा ओलांडत नाहीत!” मी मिरवलो. गॅसने पत्रे कापणारे साताऱ्याचे काका म्हणाले, “मग तो कागद मलाच द्या साहेब, तोंडाला बांधतो. धूर तर नाकात जातो ना?” सगळे खिदळले. “काका, आता तुम्ही मला फिजिक्स शिकवणार?” असं म्हणून मी कामाच्या परवानगीवर सही केली, कारण चांगले मास्क यायला चार दिवस लागणार होते आणि तोवर मला काम थांबवायचं नव्हतं. मीटर छातीत गेलेली धूळ मोजत नाही आणि ती धूळ मूत्रपिंडं पोखरते, हे मी शिकलो होतो. दोन वर्षांनी काकांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि कंपनीने त्यांना गावी धाडलं. त्या धुळीमुळेच का, हे डॉक्टरांना सांगता आलं नाही, आणि त्याच आडोशाला मी इतकी वर्षं लपलो. गेल्या महिन्यात साताऱ्याला गेलो. डायलिसिसहून नुकत्याच परतलेल्या काकांनी आधी माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला. मी म्हणालो, “काका, तुमचा प्रश्न बरोबर होता. उत्तर मला माहीत होतं, तरी मी तुम्हाला हसलो. मला माफ करा.”