सरांनी माझ्याकडे ठेवलेलं नाव

काल ओक्लाहोमात आमचे सर गेले.
त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. फोटोही टाकणार नाही.

इथे इंग्लंडमधल्या आमच्या कॉव्हेंट्रीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका काकांनी तासाभरात बॅनर केलं. मेणबत्ती, सरांचा फोटो, खाली मोठ्या अक्षरात नाव. प्रेमानेच केलं हो. पण मी फोन करून ते काढायला लावलं.

सर किओवा. अमेरिकेतले मूळनिवासी. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, घेतलं की तो मागे वळतो, ही त्यांच्या घरातली जुनी रीत.

जी भाषा बोलली म्हणून लहानपणी शाळेत मार खाल्ला, तीच त्यांनी पुढे जन्मभर मुलांना शिकवली. मग जमातीचे चेअरमन झाले.

इथल्या युनिव्हर्सिटीत एक टर्म शिकवायला आले होते. आमच्या भीमजयंती कमिटीच्या मीटिंगला बसले आणि म्हणाले, अगदी घरी आल्यासारखं वाटलं. आमच्या जमातीच्या कौन्सिलमध्येही जेवण कुणी आणायचं यावरूनच भांडणं होतात.

एका शनिवारी त्यांना लंडनला, बाबासाहेब शिकताना राहिले त्या कॅमडेनच्या घरी नेलं. दारातच ओळखीचे लोक भेटले. जय भीम, जय भीम.

सर थबकले.
"ते वारलेत ना?"
हो म्हटलं.
"आणि तुम्ही दिवसभर त्यांचंच नाव घेऊन एकमेकांना भेटता?"

मी म्हटलं, सर, आमच्या आजा-पणज्यांना कुणी धड नावाने हाक मारली नाही. म्हणून हे नाव आम्ही मोठ्याने घेतो.

सर वर गेले. वरच्या खोलीत खिडकीपाशी उभे राहिले. मग मला जवळ बोलावलं.

त्यांचा मोठा भाऊ लहानपणीच, मूळनिवासी मुलांना इंग्रजी वळण लावणाऱ्या बोर्डिंग स्कूलमध्ये वारला होता. कशाने, ते घरी कधी कळलंच नाही. थडग्यावर शाळेने ठेवलेलं इंग्लिश नाव आहे. आईवडिलांनी ठेवलेलं नाव रीतीप्रमाणे घरात पुन्हा कुणी घेतलं नाही. ते माहीत असलेली माणसं एकेक करून गेली.
उरले फक्त सर.

"इथे गेलेल्यांची नावं चालतात," ते म्हणाले. "म्हणून इथे घेतो."

आणि घेतलं. अगदी हळू.
मग उच्चार नीट येईपर्यंत माझ्याकडून म्हणवून घेतलं. मास्तरच ते.

तेव्हापासून ते नाव माझ्या मागे आहे.
किटली लावताना ओठांवर येतं. एम सिक्स हायवेवर ट्रॅफिकमध्ये अडकले की येतं. कुणीतरी पोरगं मागच्या सीटवर गप्प बसलंय, हाक मारायची वाट बघतंय, असं वाटतं. खोटं कशाला सांगू, भीती वाटते.

नाव घेतलं तर रीत मोडते. नाही घेतलं तर तो मुलगा कायमचा पुसला जातो.
आणि कालपासून ते माहीत असलेली जगात मी एकटी.

आज फोनवर त्यांच्या भाचीशी बोलले. ती सरांबद्दल सांगत होती, तीही नाव न घेता. मला राहवेना.

"तुमच्या मोठ्या मामांचं खरं नाव मला माहीत आहे. सांगू?"

 पलीकडे ती रडायला लागली.

"आत्ता नको," ती म्हणाली. "गेलेल्याचं नाव नव्या बाळाला दिलं, की ते पुन्हा घेता येतं. घरात तसं बाळ आलं, की मागेन. तोवर तू जगायला हवंस."

सर, तुम्ही निघा आता. मागे वळून बघू नका.
मी आहे इथे.